मेसचा मामा आणि भिंतीकडेची रोपं

माझा थोरला भाऊ गेला त्याला आता महिना होत आला. तो विद्यापीठाच्या मेसमध्ये मुख्य आचारी होता आणि मी तिथंच मागच्या बाजूला भांडी घासायला. सगळी मुलं त्याला मामा म्हणायची. होस्टेलची जुनी मुलं-मुली ग्रुपवर रोज काहीतरी लिहितात, मामा असे होते, मामा तसे होते. वाचून बरं वाटतं. पण परवा एकानं लिहिलं की मेसमधलं अन्न वाया जाणं मामांनी थांबवलं, त्यांच्या नावानं एक झाड लावूया. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. ते वाचून मी ताट बाजूला सारलं. दादा असता तर फोन पालथा घालून उठून गेला असता. म्हणून लिहिते. मला शुद्ध-अशुद्ध कळत नाही, बोलते तशी लिहिते, सांभाळून घ्या.

दादा लहान असतानाच एका मोठ्या भटारखान्यात कामाला लागला. तिथला वस्ताद फार कडक. पंगत उठली की वस्ताद आधी ताटं बघायचा, मग आचाऱ्यांची तोंडं. म्हणायचा, ताट भरलेलं परत आलं म्हणजे आचाऱ्याचं थोबाड परत आलं. एकदा म्हणे त्यानं दादाला सगळ्यांसमोर उभं करून परत आलेली भाजी त्यालाच खायला लावली. ते दादाच्या हाडात बसलं. पुढं तो मेसमध्ये आला, मुख्य झाला, हाताखाली माणसं आली, पण खोड गेली नाही. जेवणं आटपली की माझ्याकडं मागं यायचा आणि खरकटी ताटं बघत उभा राहायचा. मी म्हणायची, दादा सरक, पाणी उडतं. सरकायचा नाही.

कुणाच्या ताटात काय राहिलं हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. मग संध्याकाळी त्या पोराला धरायचा.

"काय रे, मीठ कमी होतं का?"

"नाही मामा, पोट भरलं होतं."

"पोट भरतं म्हणून कोण थांबतं? चव असती तर जागा झाली असती."

पोरगं बिचारं ही-ही करून निघून जायचं. आणि दादा घरी येऊन मला विचारायचा, खरं सांग, कोबी जास्त शिजला होता का?

दुसरी खोड वाढायची. भाजी वाढायला तो दुसऱ्या कुणाला उभं करायचा नाही. मोठा डाव घ्यायचा आणि भरून टाकायचा. कुणी हात आडवा केला तरी हाताच्या बाजूनं टाकायचा. किती वाढू असं त्यानं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, अरे विचारत जा की पोरांना. तर म्हणाला, "विचारून कोण वाढतं? ज्याला द्यायचं नसतं तो विचारतो." हात आखडता घेणं ही त्याच्या लेखी सगळ्यात हलकी गोष्ट. शिवी द्यायची झाली तरी म्हणायचा, मोजून वाढणाऱ्याच्या घरचा आहे.

मग पर्यावरणाच्या मॅडम आल्या. उंच, केस पांढरे, पायात कायम बूट. त्यांनी मुलांचा एक गट केला. वर्गात कुणी नसेल तर दिवे-पंखे बंद करायचे, कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा, कचरा वेगळा करायचा, झाडं लावायची, आणि वर्गावर्गात जाऊन हे सगळं समजावून सांगायचं. आधी सगळे हसले. पण बाई चिकट होती. आम्हा मेसवाल्यांनाही तिनं बोलावलं, खुर्च्यांवर बसवलं, चहा दिला. आमची तर कधी कुणी मीटिंग घेतली नव्हती, आम्ही कडेकडेनं बसलेलो. ती म्हणाली, ताटात टाकलेला घास म्हणजे नुसता घास नाही, त्याच्यामागं शेताचं पाणी आहे, खत आहे, आणणाऱ्या ट्रकचं डिझेल आहे, तुमचा गॅस आहे, तुमची कंबर आहे, ते सगळं बादलीत जातं.

दादाला ते फार पटलं. घरी येताना म्हणाला, "बाई हुशार आहे. एका पातेल्यामागं केवढी माणसं उभी केली तिनं."

ते माणसांचं पातेलं तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. म्हणून सांगते, तो मॅडमच्या विरुद्ध नव्हता. कधीच नव्हता.

मग मेसच्या दाराशी काटा आला. जेवून उठलं की उरलेलं एका बादलीत टाकायचं, बादली काट्यावर ठेवायची, आणि वजन शेजारच्या फळ्यावर लिहायचं. फळ्यावर वर मोठ्या अक्षरात कायमचं रंगवलेलं होतं, आज आपण वाया घालवलेलं अन्न. खाली खडूनं आकडा. नंतर ते सगळं मागच्या खताच्या ड्रममध्ये. मुलांना लाज वाटावी, मुलांनी कमी घ्यावं, एवढाच त्यात हेतू.

दादा पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभा राहिला तो बराच वेळ.

मला म्हणाला, "आपण म्हणजे कोण गं?"

म्हटलं, "आपण सगळे."

"सगळे कुठं रांधतात?"

मी हसले. तो हसला नाही.

आणि पोरं ती पोरंच. त्यांना फळा म्हणजे गंमत. एक म्हणायचा, मामा, आज भाजीनं सेंच्युरी मारली. दुसरा म्हणायचा, मामा, दुधीला आज सुवर्णपदक. तोंडावर हसत म्हणायची, मनात काही नसायचं त्यांच्या. पण दादाला प्रत्येक वेळी तो भटारखाना आठवायचा. फळा दारात. प्राध्यापक येणार, बाहेरचे पाहुणे येणार, सगळे आधी तो आकडा वाचणार आणि मग आत येऊन दादाचं तोंड बघणार. असं त्याला वाटायचं. कुणी बघत नव्हतं. पण त्याला कोण सांगणार.

आता झाडवालीबद्दल सांगायला पाहिजे. ती मॅडमच्या गटातली मुलगी. शेवटच्या वर्षाला होती. बुटांना कायम चिखल, केस कसे तरी वर बांधलेले, बोलायला लागली की थांबायची नाही. मेसच्या मागं कुंपणाच्या भिंतीला लागून तिनं रोपांची रांग लावली होती. त्यांना पाणी कुठून आणायचं, तर ती माझ्या मोरीशी येऊन बसली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी तर नुसतं गटारात चाललंय." भाज्या धुवायचं सिंक वेगळं, माझं साबणाचं वेगळं. तिनं भाजीच्या सिंकला पाइप जोडून घेतला, मध्ये एक टाकी, टाकीतून पाणी रोपांना. माझ्या साबणाच्या पाइपाला लाल पट्टी चिकटवली, चुकून सुद्धा कुणी जोडू नये म्हणून. पुढं असंच पाणी सगळ्या होस्टेलच्या मेसमधून वळवायचं हा तिचा बेत. त्यासाठी बाहेरून पाहणी करणारी माणसं येणार होती. त्यांना रांग हिरवीगार दिसली की काम मंजूर.

दादाची ती लाडकी. ती उशिरा जेवायला यायची, हात मातीचे, आणि दादा तिच्यासाठी भाजी झाकून ठेवायचा.

ती म्हणायची, "मामा, अर्धाच डाव."

"अर्धा डाव आजाऱ्याला वाढतात."

"मग मी आजारी आहे असं समजा."

"आजारी असलीस तर जास्त खा."

आणि भरून वाढायचा. ती हसत हसत संपवायची. ती एकटीच कधी काही टाकायची नाही.

मग परीक्षा आल्या. काट्यापाशी उभी राहणारी मुलं अभ्यासाला बसली. मॅडमनी दादाला सांगितलं, मामा, थोडे दिवस वजन तुम्हीच करा आणि फळ्यावर लिहा, तुमच्यावर सोपवते. एवढा विश्वास टाकला.

इथून पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानं नंतर सांगितलं ते लिहिते.

पहिल्यांदा त्यानं एकच बादली बाजूला काढली. भात लागला होता त्या दिवशी, त्याची स्वतःची चूक, मुलांनी टाकला. त्याला वाटलं, ही माझी चूक आहे, ही मुलांच्या नावावर कशाला लिहू. बादली मागच्या दारानं नेली आणि उरलेलं काट्यावर ठेवलं. काट्यावर जे दिसलं तेच लिहिलं. त्यामुळं त्याच्या मनाला असं की खोटं कुठं लिहिलंय. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

पण फळ्यावरचा आकडा उतरला आणि पोरं म्हणाली, वा मामा. झालं. दुसऱ्या दिवशीही एक बादली. मग दोन. खताच्या ड्रममध्ये टाकता येईना, तिथं मुलं बघायला यायची. मग ठेवायचं कुठं? त्याला वाटलं, रोपांच्या आळ्यात पुरावं. जमिनीतच जातं ना सगळं. मॅडमनीच सांगितलं होतं की उरलेल्या अन्नाचं खत होतं. खड्डा खणायचा, ओतायचं, वरून माती सारखी करायची, झारीनं पाणी मारायचं. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, मामा रोपांची किती काळजी घेतो.

पण आमचं अन्न म्हणजे तेल, मीठ, मसाला. आणि खत न झालेलं, तसंच सडायला टाकलेलं, मुळांना चिकटून. ड्रममध्ये मुलं त्यात वाळलेला पाला मिसळायची, वरखाली करायची, महिनोन्‌महिने ठेवायची, तेव्हा कुठं खत व्हायचं. ते ह्याला कुठं माहीत. ह्यानं स्वयंपाक्याचं डोकं चालवलं. रोपांची पानं कडेनं जळायला लागली, माना पडल्या, तर त्याला वाटलं ती भुकेली आहेत. मग त्यानं आणखी घातलं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. आयुष्यभर त्याला एकच औषध ठाऊक, कुणी सुकलं की वाढ.

इकडं फळ्यावरचा आकडा इतका उतरला की मॅडम आनंदानं सगळ्यांना सांगत सुटल्या. दुसऱ्या होस्टेलचे लोक बघायला आले. दादाचा फोटो काढला. मी मेसमध्ये मिरवले, खोटं कशाला बोलू. भांडी घासणाऱ्या बायकांना म्हणाले, माझा भाऊ आहे तो.

पण घरी दादा बोलेनासा झाला. मला वाटलं वय झालं, थकतो. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, गुडघे.

रोपं एकामागून एक जायला लागली. झाडवाली सकाळ-संध्याकाळ तिथं बसून. पानं हातात घेऊन बघायची, फोनवर कुणाकुणाला फोटो पाठवायची. बागेचं काम बघणारे एक साहेब आले, लांबूनच बघून म्हणाले, मेसचं पाणी घातलंत ना, मग दुसरं काय होणार, साबण गेला असेल. माती तपासायला दिली, पण त्याला वेळ लागणार होता आणि पाहणीवाले त्याच्या आधीच येणार. पाइप काढून ठेवला. पाणी परत गटारात.

साबण म्हणजे मी. बायका मला बोलायला लागल्या. कुणी म्हणायची, लाल पट्टी दिसत नाही वाटतं हिला. कुणी म्हणायची, चष्मा कर गं बाई, झाडं मारलीस. मी शपथा घेऊन सांगत होते की माझं पाणी तिकडं जातच नाही. कोण ऐकतंय. झाडवाली मात्र मला एका शब्दानं बोलली नाही. उलट म्हणाली, मावशी, माझाच हिशेब चुकला असेल, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिनं असं म्हटल्यावर मला जास्तच लागलं.

त्या दिवशी घरी जेवताना मी दादासमोर रडले. म्हटलं, मी काय केलं रे?

"तुझा दोष नाही," दादा म्हणाला.

"ते मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

तो ताटाकडं बघत बसला. मग हात धुऊन उठला. ताटात अर्धं जेवण तसंच. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. आधी एका रोपाचं आळं त्यानं उकरून बघितलं होतं म्हणे, मुळं काळी पडलेली, आंबूस वास. त्याला कळलं होतं. कळूनही तो गप्प होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्याला आतून खवखवत होतं, पण तोंड उघडलं की मेसच्या दारातला फळा एकदम भरणार, आणि आता तर फोटोसकट.

पाहणीवाले आले त्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. मुलं, प्राध्यापक, आम्ही मागच्या रांगेत धुतलेल्या कपड्यात. दादा पहिल्या रांगेत. त्याला मॅडमनी वर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं, कुंडीतलं रोप दिलं, टाळ्या झाल्या. पोरांनी मामा मामा केलं. दादा खाली मान घालून परत येऊन बसला. सगळ्यांना वाटलं लाजाळू आहे.

मग झाडवाली वर गेली. तिनं हातात कागद घेतला होता पण वाचला नाही. म्हणाली, "भिंतीकडेची रोपं मेली. पाणी वळवायची कल्पना माझी होती. कुठंतरी माझ्याकडून चुकलं. मेसच्या मावशींची चूक नाही. जोपर्यंत कळत नाही तोपर्यंत दुसरीकडं पाणी वळवू नये असं मीच म्हणते. सॉरी."

एवढंच बोलली. आवाज सपाट. आणि उभीच राहिली, खाली यायचं विसरली.

दादा उठला. कुंडी खुर्चीवर ठेवली. मॅडमना वाटलं आभाराचं बोलायचंय, म्हणून त्यांनी माइक त्याच्याकडं केला. म्हणाल्या, "या मामा, बोला."

दादा झाडवालीकडं बघून बोलला, माइककडं नाही. "पाणी चांगलं होतं. मी तिथं अन्न पुरलं."

मॅडम हसल्या. त्यांना कळलंच नाही. "कसलं अन्न, मामा?"

"फळ्यावर नाही ते."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं, मग थांबलं. मॅडमचा चेहरा कसा हळूहळू उतरला ते मला मागच्या रांगेतून दिसलं. माझ्या शेजारची बाई माझ्याकडं वळली. जी चष्मा कर म्हणाली होती ती. काही बोलली असती तर मी काहीतरी उलट बोलले असते. मी रुमालानं तोंड पुसत बसले, घाम नव्हता तरी. माझ्यावरचा आळ गेला होता, मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, देवा, साबणच असता तर किती बरं झालं असतं.

झाडवालीनं दादाला एकच विचारलं, "का पण?"

दादा म्हणाला, "लाज वाटायची."

"तो फळा तुमच्यासाठी नव्हता मामा. आमच्यासाठी होता."

दादा तसाच दारातून बाहेर गेला, मागून मी.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मेसमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या, म्हणाल्या, चूक माझीही आहे, फळा लावताना मी तुम्हाला विचारलंच नाही. मग तर दादाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं. नोकरी राहिली. प्रशस्तिपत्र तो परत द्यायला गेला तर ऑफिसात कुणी घेईना, म्हणे असं परत घ्यायची पद्धत नाही. ते घेऊन तो दिवसभर इकडून तिकडं फिरला.

मग त्यानं सगळी आळी उकरली. घमेल्यानं ती माती काढून ड्रमकडं नेली, नवी माती आणली. झाडवाली मदतीला आली तर कुदळ दिली नाही. म्हणाली, मामा, दोघं मिळून लवकर होईल. तो म्हणाला, लवकर व्हायला नकोय मला. मग ती बाजूला बसून राहिली. काही रोपं वाचली, बरीचशी गेली. पाइप परत जोडला.

मॅडमनी त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली. मोठा डाव ठेवा, पण वाढायच्या आधी प्रत्येकाला विचारा, किती. बाकी काही नको.

तुम्हाला वाटेल त्यात काय. पण दादाला ते भर चौकात कपडे काढण्यासारखं होतं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम हात धुऊन पुढं जाऊन उभी राहिले. पहिला मुलगा आला, ताट पुढं केलं. दादा डाव नुसताच भाजीत फिरवत राहिला. मागची रांग थांबली. शेवटी पुटपुटला, "किती वाढू?" मुलगा म्हणाला, "थोडीच." आणि दादानं थोडीच वाढली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. दुसरा, तिसरा, चौथा. कुणी म्हणालं अर्धा, कुणी म्हणालं आज भाजी नको. नको म्हटलं की त्याचा हात हवेत थांबायचा. संपूर्ण रांग त्यानं तशी काढली आणि मग भांड्यांच्या खोलीत येऊन उलट्या घमेल्यावर बसला.

मी म्हटलं, "बरं झालं ना?"

"कुणी हसलं का गं?"

"कुणी नाही हसलं."

"मनातून हसली असतील."

बादली खरंच हलकी व्हायला लागली, हे खरं. आता खरीखुरी. पण खडूला त्यानं पुन्हा हात लावला नाही. मुलंच वजन करायची, मुलंच लिहायची. पाहुणे आले आणि कुणी कौतुक करायला लागलं की त्याला काहीतरी काम आठवायचं. तुम्हा नंतरच्या मुलांना ही बादली तेवढी माहीत, आधीची माहीत नाही. तुमचा दोष नाही. त्यानं कधी सांगितलं नाही आणि जुन्यांपैकी कुणी विषय काढला नाही, एवढी त्यांची माणुसकी.

झाडवालीशी मात्र तो बोलू शकला नाही. ती जेवायला आली की डाव मदतनिसाच्या हातात द्यायचा आणि आत जायचा. ती बिचारी मुद्दाम उशिरा यायची, हा दिसेल म्हणून.

तिचं शिक्षण संपलं, दुसरीकडं नोकरी लागली, तेव्हा ती निघायच्या आधी आमच्या घरी आली. दादानं खिडकीतून बघितलं आणि मोरीत जाऊन दार लावून घेतलं. मोठा माणूस, डोक्यावर पांढरे केस, आणि मोरीत लपलेला. मी दार उघडलं. म्हटलं, दादा घरी नाही गं. ती दाराशी काढलेल्या चपलांकडं बघत होती. दादाच्या चपला ती ओळखायची.

आत आली, बसली, पाणी घेतलं. मग मोरीच्या दाराकडं तोंड करूनच बोलली, पण माझ्याशी बोलल्यासारखं.

"मावशी, मामांना सांगा, सगळ्या होस्टेलचं पाणी वळवायचं मंजूर झालं. उशीर झाला पण झालं."

म्हटलं, "सांगते."

"आणि सांगा की मला त्यांचा फार राग आला होता. सगळ्यांसमोर मी उभी होते ना, म्हणून. आता तेवढा नाही. थोडा आहे."

"सांगते हो."

"आणि अजून कुठल्याच मेसमध्ये एवढं कुणी वाढलं नाही मला."

मी हसले. मोरीत बादलीचा आवाज झाला, धक्का लागला असेल. तिनं ऐकलं. थोडा वेळ बसली, उठली. तिला वाटलं असेल तो बाहेर येईल. मलाही वाटलं. मी दोनदा तिला म्हटलं, बस की, एवढी काय घाई. ती बसली, मग पुन्हा उठली. गाडीची वेळ झाली होती.

ती गेल्यावर दादा बाहेर आला. माझ्याकडं न बघता विचारलं, "थोडा म्हणाली ना?"

"हो. थोडा."

"बरं केलं. सगळा गेला म्हणाली असती तर मला खोटं वाटलं असतं."

"मग बाहेर का नाही आलास?"

"काय तोंड घेऊन येऊ?"

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, निवृत्त झाला, आजारी पडला. अंथरुणात असताना मी त्याला म्हणायची, लावू का तिला फोन? नको म्हणायचा. एकदाच म्हणाला, उद्या लाव. उद्या उजाडला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

दादा गेल्यावर तिचा फोन आला, लांबून. रडत होती. म्हणाली, मावशी, मामा कधी काही बोलायचे का हो माझ्याबद्दल? मी म्हटलं, बोलायचा. मला तिला विचारायचं होतं की तो थोडा राहिलेला राग गेला का गं शेवटी. पण नाही विचारलं. आता कुणासाठी विचारायचं, आणि विचारायची मलाच लाज वाटली.